आजीचं कैरी रंगाचं लुगडं: कृष्णधवल फोटोत एकच रंग कसा भरायचा

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर आजीचा एक फोटो होता. 1962 च्या सुमाराचा, परळच्या एका स्टुडिओत काढलेला. आजी स्टुलावर बसलेली, अंगावर नऊवारी लुगडं, हातात काचेच्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. खोली रिकामी करताना तो फोटो माझ्याकडे आला आणि मी त्यात रंग भरायला बसले. लुगडं लाल केलं. आजीला लाल शोभेल असं मला वाटलं, एवढंच त्यामागचं कारण. प्रिंट काढली आणि आत्याला नेऊन दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

"छान केलंयस गं. पण आईने लाल लुगडं कधी नेसलंच नाही. हे हिरवं होतं."

"हिरवं म्हणजे कसलं? पोपटी?"

"छे! कच्च्या कैरीचं. आतल्या फोडीचं नाही, सालीचं. आणि काठ आमसुली."

साठ वर्षांनंतर तिला काठसुद्धा आठवत होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही जुन्या फोटोला हात लावण्याआधी घरातल्या माणसांना विचारते. हा लेख नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे बटणं कुठली दाबायची हे सगळं पुढे येईलच. पण या कामाची पहिली पायरी संगणकावर नसते, ती फोनवर असते. मावशीला, काकांना, शेजारच्या आजोबांना फोन लावा.

आधी रंग ठरवा, मग संगणक उघडा

फोटोत एकच रंग भरायचा म्हटलं की नजर थेट त्या जागी जाते. तुम्ही बघणाऱ्याला सांगत असता, 'इथे बघ.' म्हणून ज्या वस्तूला रंग देणार ती त्या फोटोचा जीव असायला हवी. लुगडं, कुंकू, मुंडावळ्यांची फुलं, लहान मुलाच्या हातातला चेंडू, यातलं एकच काहीतरी निवडा. फार तर दोन, तीही एकाच माणसाच्या अंगावरची. सोफा, पडदा आणि फुलदाणी अशा तीन ठिकाणी रंग दिलात तर डोळा इकडून तिकडे उड्या मारत राहतो आणि माणसाचा चेहरा मागे पडतो.

रंग विचारताना नुसतं 'हिरवा की लाल' असं विचारू नका. आपल्याकडे लुगड्यांच्या रंगांना किती नेमकी नावं आहेत! चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, वांगी, अबोली, शेवाळी, गुलबक्षी, बदामी. 'गडद गुलाबी' म्हटल्यावर मान हलवणारी म्हातारी माणसं 'राणी रंग होता का?' म्हटल्यावर एकदम 'हो हो, राणीच!' म्हणतात. ते लुगडं एखाद्या गोधडीत शिवलेलं सापडलं तर सोन्याहून पिवळं. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ त्या कापडाचा फोटो काढा आणि रंग त्यातूनच उचला. उन्हात ठेवू नका आणि घरातला पिवळा दिवाही लावू नका, दोन्हीकडे रंग बदलतो.

काही गोष्टींचा रंग अख्ख्या मुंबईला ठाऊक असतो, तिथे विचारायची गरज नाही. बेस्टची बस लाल. काळी-पिवळी टॅक्सी तर नवशिक्यासाठी वरदान आहे, कारण गाडीचं अंग काळंच असतं आणि रंगवायचं असतं फक्त टप. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तिच्यासमोर उभं राहून काढलेला कृष्णधवल फोटो तुमच्याकडे असेल, तर सरावाला तोच घ्या.

आणि कुणालाच काही आठवत नसेल तर? मग तो भाग करडाच राहू द्या आणि दुसरी वस्तू निवडा. करड्या फोटोवरून मूळ रंग ओळखता येत नाही. सारख्याच उजेडाचा हिरवा आणि तांबडा करड्यात अगदी सारखे दिसतात. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबडं ते काळं व्हायचं आणि निळं ते पांढरट. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट 1906 साली बाजारात आल्या, पण जुनी फिल्म त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होती. आपोआप रंग भरून देणारी ॲपही अंदाजच करतात. झाड हिरवं आणि कातडी सावळी हे त्यांना जमतं. तुमच्या आजीचं लुगडं त्यांनी पाहिलेलं नाही.

फोटो संगणकात घेताना

मुंबईच्या दमट हवेत फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. हे फार घरांत झालेलं असतं. तो ओढून काढायला जाऊ नका, चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. काच बाहेरून मऊ कापडाने कोरडी पुसा आणि तशीच स्कॅनरवर पालथी ठेवा. पांढरट बुरशीचे डाग दिसले तरी ओल्या फडक्याने पुसू नका. डाग संगणकात काढता येतात, फोटोवरून पुसला गेलेला थर परत आणता येत नाही.

स्कॅनर 600 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 600 ठिपक्यांवर (पिक्सेलवर) ठेवा. 3 इंच बाय 4 इंचांचा फोटो असेल तर 1800 बाय 2400 पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट आकाराची, 6 बाय 8 इंचांची प्रिंट 300 डीपीआयला स्वच्छ निघते. फोटो पासपोर्ट आकाराचा असेल तर 1200 घ्या. कृष्णधवल फोटो असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण चहाचा किंवा पाण्याचा पिवळा डाग रंगीत स्कॅनमध्ये वेगळा ओळखू येतो आणि काढायला सोपा जातो. फाइल टिफ (TIFF) या प्रकारात साठवा. स्कॅनर नसेल तर ढगाळ दुपारी खिडकीशी फोटो सपाट ठेवा आणि वरून, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला अगदी समांतर धरून टिपा.

मूळ स्कॅनची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करायचं.

रंग बसवायची रीत

मी गिंप (GIMP) हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि या कामाला लागणारं सगळं त्यात आहे. फोटोशॉप असेल तर पायऱ्या याच, नावं थोडी वेगळी.

फोटो उघडल्यावर आधी 'कलर्स' मेनूतलं 'डिसॅच्युरेट' वापरून स्कॅनमधला पिवळटपणा घालवा. स्कॅन करडा झालेला असेल तर 'इमेज' मेनूत 'मोड' आणि तिथे 'आरजीबी' निवडा. नवी माणसं सगळ्यात जास्त इथे अडतात. फाइल 'ग्रेस्केल' मोडमध्ये असेल तर तुम्ही कितीही लाल घ्या, ब्रशमधून करडाच येणार. एकीने मला रात्री अकराला फोन करून विचारलं होतं, 'माझा माउस बिघडलाय का?' माउस ठीक होता, मोड ग्रेस्केल होता.

आता एक नवा लेयर घ्या. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद. हा अख्खा लेयर हव्या त्या रंगाने भरून टाका. हो, अख्खा. क्षणभर सगळा फोटो हिरव्याखाली झाकला जाईल, घाबरू नका. रंग निवडायच्या खिडकीत ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू असे तीन आकडे असतात. ह्यू म्हणजे रंगचक्रावरची जागा: 0 ला लाल, 60 ला पिवळा, 120 ला हिरवा, 240 ला निळा. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा, व्हॅल्यू म्हणजे त्याचा उजळपणा. कैरीच्या सालीसाठी मी ह्यू 85 च्या आसपास घेतला, सॅच्युरेशन 60, व्हॅल्यू 60. सॅच्युरेशन 100 कधीच ठेवू नका. 100 चा हिरवा प्लॅस्टिकच्या बादलीचा दिसतो, सुती कापडाचा नाही.

मग लेयरचा मोड 'नॉर्मल' वरून 'एचएसएल कलर' करा (फोटोशॉपमध्ये नुसतं 'कलर'). आता हिरव्याखालून फोटो पुन्हा दिसू लागेल, चुण्या, निऱ्या, सावल्या सगळ्यासकट. या मोडमध्ये वरच्या लेयरचा फक्त रंग घेतला जातो, उजेड-अंधार खालच्या फोटोचाच राहतो. जुन्या स्टुडिओंमध्ये कृष्णधवल प्रिंटवर पातळ, पारदर्शक तैलरंग कापसाच्या बोळ्याने चढवत, तेही हेच करत. खालच्या फोटोतली सावली तशीच दिसायची, वर रंगाचा हात फिरलेला असायचा. छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी 1896 साली मुंबईत स्टुडिओ काढला, त्याच्या आधीपासून ते रंगीत फिल्म घरोघरी पोचेपर्यंत फोटो हाताने रंगवणं हा आपल्याकडे एक धंदाच होता. त्या रंगवणाऱ्यांच्या हातात बोळा होता, आपल्या हातात मास्क आहे.

मास्क म्हणजे लेयरवर घातलेलं झाकण. 'लेयर' मेनूतून 'मास्क', 'ॲड लेयर मास्क', आणि त्यात काळा निवडा. हिरवा एकदम नाहीसा होईल. काळ्या मास्कने लेयर झाकला जातो, पांढऱ्याने उघडा पडतो, करड्याने अर्धवट दिसतो. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग पांढरा, मास्कच्या छोट्या चौकोनावर एकदा क्लिक करा (हे विसरलात तर मास्क सोडून रंगावरच पांढरं फासाल) आणि लुगड्यावरून ब्रश फिरवा. जिथे फिरेल तिथे हिरवा उगवेल. चुकून हातावर गेला तर 'एक्स' दाबा, ब्रश काळा होईल, तेवढं झाकून टाका. काहीच बिघडत नाही. उद्या आत्या म्हणाली की थोडं पिवळट होतं, तर मास्कला न शिवता फक्त लेयरचा रंग बदलायचा. रंग थेट फोटोवर न लावता एवढा उद्योग करायचा तो यासाठी.

कडा, निऱ्या आणि काठ

मधला भाग मोठ्या ब्रशने पाच मिनिटांत होतो. खरा वेळ कडांना लागतो. फोटो 200 टक्क्यांवर मोठा करा, ब्रश लहान करा आणि कडेच्या किंचित आत राहून चला. जुन्या फोटोत कुठलीच कड सुरीने कापल्यासारखी नसते, लेन्सच तशा होत्या, म्हणून ब्रशची कड अर्धी मऊ ठेवा. फार मऊ ठेवलात तर लुगड्याभोवती हिरवं धुकं दिसतं. दर दहा मिनिटांनी फोटो लहान करून, खुर्ची मागे सरकवून बघा. जवळून बरी दिसलेली कड लांबून सांडलेली दिसते.

आजीच्या फोटोत मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो दंडापाशी. पदर खांद्यावरून येऊन दंडाला घासून खाली गेला होता आणि तिथे कापड आणि कातडी एकाच करड्या रंगाची होती. कड दिसेना. मग मी मूळ स्कॅन उघडून त्याचा कॉन्ट्रास्ट खूप वाढवला, फक्त बघण्यापुरता. पदराच्या विणीचे बारीक आडवे धागे उठून दिसले, कातडीवर ते नव्हते. धागे संपतात तिथे कापड संपतं. त्या रेषेने मास्क केला.

पूर्ण भरून झालं की रंग सपाट वाटेल, स्टिकर लावल्यासारखा. खऱ्या कापडात उजेडाच्या जागी रंग फिका पडतो आणि निऱ्यांच्या आत गढूळ होतो. मास्क चालू ठेवून ब्रशचा रंग करडा घ्या, ब्रशची ओपॅसिटी (रंग किती दाट उमटतो ते) 20 टक्के करा आणि निऱ्यांच्या खोल सावल्यांवरून आणि गुडघ्यावरच्या लखलखीत उजेडावरून एकेक हात फिरवा. मग अख्ख्या लेयरची ओपॅसिटी कमी करत जा. 70 टक्के, 60, 50. 'आता रंग कमी पडला' असं वाटेल तिथून जरासं वर या. माझे बहुतेक फोटो 50 ते 65 च्या मध्ये थांबतात.

काठासाठी वेगळा लेयर, वेगळा मास्क. आमसुली म्हणजे काळपट जांभळा, ह्यू 330 च्या जवळ. काठ जरीचा असेल तर ह्यू 45 घ्या, पण हात आखडता ठेवा. एचएसएल कलरमध्ये पिवळा फार झगमगतो आणि निळा दबून बसतो, कारण सारख्याच आकड्यांचा पिवळा आपल्या डोळ्यांना निळ्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतो. जरीच्या लेयरची ओपॅसिटी मी 35 च्या वर नेत नाही.

कुंकवाचं कोडं

यावर वेगळं लिहिते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी त्यावर एक अख्खा रविवार घालवला. कुंकवाला लाल रंग द्यायला गेलं की काही होतच नाही. लेयर बरोबर, मास्क बरोबर, मोड बरोबर, कुंकू काळंच. कारण वर सांगितलं तेच: उजेड खालच्या फोटोचा राहतो. खाली काळं असेल तर काळ्यात लाल दिसणार कसं? आणि गडद कुंकू जुन्या फोटोत जवळजवळ काळंच येतं.

उपाय असा. खालच्या फोटोची एक प्रत करा. त्यात कुंकवाभोवती गोल सिलेक्शन घ्या, कडा 2 पिक्सेलने फेदर, म्हणजे मऊ करा, आणि 'कलर्स' मधल्या 'कर्व्हज'ने तेवढा भाग हळूहळू उजळवा. मध्यम करड्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. मग वरचा लाल लेयर जिवंत होतो. ह्यू 0 ऐवजी 355 घ्या, पिंजर त्या बाजूला झुकते. हिरव्या बांगड्यांनाही हाच उपाय, फक्त काचेवरचा पांढरा चमकता ठिपका सिलेक्शनमधून वगळा. तो ठिपका असला तरच काच काचेसारखी दिसते.

उलट गजऱ्याला काही करावं लागत नाही. पांढरं पांढरंच राहतं. चेहऱ्यालाही रंग देऊ नका, ओठांनाही नाही. सगळा फोटो रंगवायचा असेल तर ती वेगळी विद्या आहे. इथे चेहरा करडा आणि लुगडं हिरवं, यातच तो फोटो आहे.

फोटो मुळात रंगीत असेल तर

पावसात फ्लोरा फाउंटनपाशी उभ्या बसचा फोटो काढलात आणि फक्त बस लाल ठेवायची आहे, तर काम सोपं आहे. लेयरची प्रत करा, वरची प्रत डिसॅच्युरेट करा, तिला पांढरा मास्क लावा आणि बसवर काळा ब्रश फिरवा. खालचा खरा लाल दिसू लागेल. डिसॅच्युरेट करताना 'लुमिनन्स' निवडा. 'लाइटनेस' निवडलंत तर शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकाच करड्याचे होतात आणि बसमागची झाडं चपटी दिसतात.

ओल्या रस्त्यावर त्या लालाचं प्रतिबिंब असतं, ते विसरू नका. बस लाल आणि खाली डबक्यात करडी बस, हे डोळ्याला लगेच खटकतं, का खटकलं ते कळत नाही एवढंच. डबक्यातही मास्क करा, ब्रशची ओपॅसिटी अर्धी ठेवून. बसच्या काचेत दिसणारी झाडं आणि माणसं मात्र करडी करा, ती बसची नव्हेत.

एक आखूड रस्ता सगळे सांगतात: लाल सोडून बाकी सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन शून्य करा. आपल्या शहरात तो चालत नाही. आपल्या कातडीच्या रंगात तांबडं आणि नारिंगी भरपूर असतं, त्यामुळे रांगेत उभी असलेली सगळी माणसं नारिंगी चेहऱ्यांची राहतात, वर नारळवाल्याची ताडपत्री आणि मागचं होर्डिंगही. मास्कच करा.

फोनवर करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट लावा, मग केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन त्याच बदलाचा ब्रश उघडा आणि कुठे करडं आणि कुठे रंगीत ते बोटाने ठरवा. सरावाला ठीक आहे. बोटाने कडा नीट होत नाहीत.

प्रिंट आणि पाठची ओळ

काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफमध्ये साठवा, म्हणजे लेयर जिवंत राहतात. प्रिंटसाठी वेगळी जेपेग एक्सपोर्ट करा. स्क्रीनचा रात्रीचा पिवळा प्रकाश चालू ठेवून रंग ठरवला असेल तर सकाळी पुन्हा बघा, हिरवा वेगळाच दिसेल. लॅबमध्ये आधी एक 4 बाय 6 ची छोटी प्रिंट काढून घ्या. प्रिंट स्क्रीनपेक्षा गडद येते, म्हणून कर्व्हजने फोटो किंचित उजळवून मग मोठी काढा. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर एकटा रंग फार ओरडतो. लॅबवाल्याला 'ऑटो करेक्शन करू नका' असं तोंडी सांगा. त्यांचं मशीन करड्या फोटोतला एकटा हिरवा बघून त्याला चूक समजतं आणि चेहऱ्यावर गुलाबी झाक आणतं.

फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटबोर्डची चौकट घालून घ्या, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटणार नाही. मूळ फोटो फ्रेममध्ये परत लावू नका. तो ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या, कोरड्या कप्प्यात ठेवा.

प्रिंटच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, लिहून ठेवा की रंग नंतर भरला आहे आणि तो कुणी सांगितला. माझ्या प्रिंटमागे आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: 'आईचं लुगडं, कच्च्या कैरीचं. काठ आमसुली.'